कॅनडातली पार्कं: आई-बाबा आणि मुलींसह मे महिन्यात जायचंय, आखणी कशी करू?

सह्यवाट (पुणे):
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी कॅनडाला जायचं घरात पक्कं झालंय. आम्ही सहा जण आहोत: मी, बायको, दोन मुली (वय १३ आणि ९), आई ६८ आणि बाबा ७२. बाबांचे गुडघे सोडले तर दोघंही ठणठणीत आहेत. मी गेली वीस वर्षं सह्याद्रीत भटकतोय, त्यामुळे शहरं बघायची फारशी हौस नाही. डोंगर, तळी, जंगल आणि जमल्यास दोन-चार रात्री तंबूत, एवढंच हवंय.

कच्चा आराखडा असा आहे: ५ ते १७ मे. कॅलगरीला उतरायचं, बॅन्फ २ दिवस, जॅस्पर १ दिवस, मग गाडीने व्हँकुव्हर २ दिवस, तिथून विमानाने टोरांटो, नायगरा, तिथलंच अल्गॉन्क्विन पार्क आणि परत. मे ठीक राहील ना? कॅम्पसाइट आधी धरून ठेवावी लागते की पोचल्यावर मिळते? घरचं जेवण रांधता येईल का? आणि आईने विचारायला सांगितलंय, अस्वलांचं काय?

चिनूक (कॅलगरी):
सह्यवाट, आधी तारखांबद्दल लिहितो, कारण बाकी सगळं त्यावर ठरणार आहे. ५ ते १७ मे नको. त्या वेळी लेक लुईझ गोठलेलं असतं. निळं-हिरवं पाणी सोडाच, पाणीच दिसत नाही, डोंगरांच्या मधोमध एक पांढरं मैदान दिसतं. साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात बर्फ फुटतो, वर्षागणिक थोडं मागेपुढे. मोरेन लेकचा रस्ता तर १ जूनलाच सुरू होतो. दरवर्षी मे महिन्यात भारतातून आलेली कुटुंबं लेक लुईझच्या काठावर हिरमुसून उभी दिसतात, फार वाईट वाटतं. विमानाचं तिकीट काढायच्या आधी त्यांना कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीचंही तेच. ऑक्टोबरच्या मध्यावर मोरेन लेकचा रस्ता बंद होतो, वर बर्फ पडायला लागतो. म्हणजे १५ जूनच्या आसपास शाळा उघडणाऱ्या आपल्याकडच्या घरांना एकच फट उरते: १ ते १४ जून. ती वापरा. मुलींचा शाळेचा पहिला आठवडा बुडवता आला तर २० जूनपर्यंत थांबा.

जूनबद्दल खरंखुरं सांगतो. उंचावरच्या पायवाटांवर जुलै उजाडेपर्यंत बर्फ असतो, तिकडे जाता येणार नाही. इथला सगळ्यात जास्त पावसाचा महिनाही जूनच, आणि लेक लुईझला जूनमध्ये एखाद्या सकाळी हिमवर्षाव झाला तर आम्हाला कुणालाच नवल वाटत नाही. हिमनद्या वितळायला लागल्या की दगडाची मैद्यासारखी बारीक भुकटी पाण्यासोबत खाली येते, आणि तळ्यांना तो प्रसिद्ध रंग तिच्यामुळे येतो. जूनच्या सुरुवातीला तो रंग भरायला नुकती सुरुवात झालेली असते. पण धबधबे दुथडी भरलेले असतात, रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि जुलै-ऑगस्टच्या मानाने गर्दी कमी.

आता आराखडा. बॅन्फ, जॅस्पर, व्हँकुव्हर, टोरांटो हे सगळं बारा दिवसांत केलंत तर तुम्ही कॅनडाचे विमानतळ आणि हायवे बघाल. कॅलगरी-व्हँकुव्हर रस्ता हजार किलोमीटरच्या आसपास आहे, तोही डोंगरातला. टोरांटोला विमानानेच चार तास. दोन्ही काढून टाका. कॅलगरी विमानतळ ते बॅन्फ दीड तास, बॅन्फ ते लेक लुईझ ५८ किमी, लेक लुईझ ते जॅस्पर २३२ किमी. एवढ्याच पट्ट्यात बारा दिवस राहा. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात योहो आणि कूटनी ही दोन पार्कं भिंतीला भिंत लावून आहेत. चार पार्कं मिळून १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बारा दिवसही कमी पडतील.

सह्यवाट (पुणे):
बापरे, मे महिन्यात तळं गोठलेलं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं. तिकिटं अजून काढलेली नाहीत, वाचलो. जूनच करतो. पण टोरांटोला मावसभाऊ आहे, तो म्हणतो अल्गॉन्क्विन बघितल्याशिवाय जाऊ नको.

मेपलपान (मिसिसागा):
अल्गॉन्क्विनवर माझा फार जीव आहे, तरी सांगते, या खेपेला नको. जूनच्या सुरुवातीला तिथे ब्लॅकफ्लाय असतात. बारीक काळी माशी. चावते तेव्हा कळत नाही, नंतर कानामागे आणि केसांच्या कडेने रक्ताचे थेंब दिसतात. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत त्यांचा आणि डासांचा हंगाम. आम्ही जाळीच्या टोप्या घालून जातो, कारण त्याच दिवसांत मूस, म्हणजे इथली अवाढव्य हरणं, रस्त्याकडेला येतात. पण लहान मुली आणि आजी-आजोबांना पहिल्याच भेटीत हे नको.

अल्गॉन्क्विनसाठी वेगळी खेप काढा, सप्टेंबरच्या शेवटी. हायवे ६० पार्कातून ५६ किमी जातो आणि दोन्ही बाजूंना मेपल लालभडक झालेले असतात. मात्र तिथला खरा आनंद होडीत आहे. तळ्यातून तळ्यात कनू वल्हवत जायचं, मधल्या जमिनीवरून ती खांद्यावर घ्यायची, रात्री पाणकाठावर तंबू ठोकायचा. लून पक्ष्याची हाक एकदा अंधारात ऐकली की माणूस दरवर्षी जातो.

एक गोष्ट सगळ्यांनाच उपयोगी पडेल. इथे 'पार्क' म्हटलं की मालक दोन असतात. बॅन्फ, जॅस्पर, योहो, आमच्या ओंटारिओतलं ब्रूस पेनिन्सुला ही राष्ट्रीय पार्कं, म्हणजे पार्क्स कॅनडा या केंद्र सरकारच्या खात्याकडची. अल्गॉन्क्विन, किलार्नी ही प्रांताची. एकाचा पास दुसरीकडे चालत नाही, आरक्षणाची संकेतस्थळंही वेगळी. ओंटारिओच्या पार्कांत कॅम्पसाइट पाच महिने आधी, सकाळी ७ वाजता खुली होते. आणि ब्रूस पेनिन्सुलाच्या ग्रोटो या पाणकाठच्या गुहेला नुसती गाडी लावायलासुद्धा उन्हाळ्यात चार तासांचा वेळ आधी धरून ठेवावा लागतो.

चिनूक (कॅलगरी):
मेपलपान, अगदी बरोबर. आमच्याकडे कॅनॅनास्किसचं तसंच होतं. बॅन्फच्या उंबऱ्यावरचा तितकाच सुंदर भाग, पण तो अल्बर्टा प्रांताचा. तिथे २०२१ पासून गाडीमागे वेगळा पास लागतो. राष्ट्रीय पार्काचा पास आरशाला लटकवून लोक तिथे जातात आणि दंड भरतात.

पास कोणता घ्यायचा त्याचा हिशोब: राष्ट्रीय पार्कांत १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट. एका गाडीतल्या सात जणांपर्यंत 'फॅमिली/ग्रुप' दर लागतो, म्हणजे तुम्ही सहाही जण एका पासात बसता. दिवसाचं तिकीट घेत गेलात तर साधारण सातव्या दिवशी वर्षाच्या डिस्कव्हरी पासइतके पैसे होतात. तुम्ही बारा दिवस राहणार, तर डिस्कव्हरी पासच घ्या. पण घाई करू नका. २०२५ मध्ये सरकारने २० जून ते २ सप्टेंबर प्रवेशच मोफत केला होता आणि कॅम्पिंगवर २५ टक्के सूट दिली होती. तुमच्या वर्षी काय आहे ते बघून मग पैसे भरा.

रानजाई (एडमंटन):
आरक्षणाबद्दल मी लिहिते. दरवर्षी जानेवारीत आमच्या घरी हा एक सणच असतो.

सह्यवाट, आपल्याकडे राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर पाठीवर पिशवी टाकून निघायचं, संध्याकाळी गुहेत किंवा देवळात पथारी पसरायची, टाक्याचं पाणी प्यायचं, ही सवय इथे पूर्ण बाजूला ठेवावी लागते. बॅन्फ आणि जॅस्परच्या चांगल्या कॅम्पसाइट जानेवारी-फेब्रुवारीत, आरक्षण उघडतं त्या दिवशीच बऱ्याचशा जातात. प्रत्येक पार्काची तारीख वेगळी, वेळ तिथली सकाळी ८. जानेवारीत ती तुमच्या घड्याळात रात्री साडेआठ. खातं आठवडाभर आधी उघडून ठेवा, ती पायरीच वेळ खाते. ८ वाजायच्या आधी जे संकेतस्थळावर थांबलेले असतात त्यांना रांगेत चिठ्ठ्या टाकल्यासारखा कुठलाही क्रमांक मिळतो, त्यामुळे पहाटेपासून बसून उपयोग नाही. घरातल्या दोघा-तिघांनी आपापल्या खात्यातून बसावं.

आणि काय शोधायचं ते आधी कागदावर लिहून ठेवा. कॅम्पग्राउंडचं नाव, तीन पर्यायी तारखा, दोन पर्यायी जागा. रांगेतून आत गेल्यावर नकाशे बघत बसलात तर डोळ्यांदेखत जागा जातात.

आजी-आजोबा बरोबर आहेत म्हणून ओटेंटिक बघा. तंबू आणि लाकडी खोलीच्या मधला प्रकार: खाली लाकडी जमीन, वर कापड, आत पलंग आणि गाद्या, सहा जण झोपतात. बॅन्फजवळ टू जॅक लेकसाइडला आहेत. गुडघ्यांना जमिनीवरून उठायला नको हा केवढा आराम. नाही मिळालं तरी धीर सोडू नका. मार्च-एप्रिलपासून लोक आरक्षणं रद्द करायला लागतात. मला २०२३ चा ऑगस्ट पूर्ण भरलेला दिसत होता, रोज रात्री झोपायच्या आधी बघत गेले आणि सहा आठवड्यांत चार रात्री जमवल्या.

लेक लुईझच्या कॅम्पग्राउंडमध्ये कापडी तंबूंच्या भागाभोवती विजेचं कुंपण आहे, अस्वलांसाठी. आईंना सांगा, तिथे निर्धास्त झोप लागते. फक्त रात्री थंडी असते. मुक्काम सोळाशे मीटरवर आहे, जूनमध्ये पारा शून्याच्या आसपास जाऊ शकतो.

निवांत (नाशिक):
दोन वर्षांपूर्वी आई-वडिलांना घेऊन गेलो होतो, तेही साठी-सत्तरीतलेच. मोरेन लेकबद्दल एक महत्त्वाचं राहिलंय. २०२३ पासून तिथे खाजगी गाडी नेता येत नाही. पार्क्स कॅनडाची शटल घ्यायची, ती लेक लुईझच्या स्की रिसॉर्टच्या पार्किंगमधून सुटते. काही जागा एप्रिलमध्ये खुल्या होतात, उरलेल्या प्रत्येक तारखेच्या ४८ तास आधी, तिथल्या सकाळी ८ ला. एप्रिलमध्ये हुकलं तर दोन दिवस आधीची संधी असतेच, आम्हाला तशीच मिळाली. एकाच तिकिटात दोन्ही तळी होतात, मधली बस त्यातच धरलेली आहे.

ज्येष्ठांसाठी आम्हाला जमलेल्या जागा. लेक लुईझच्या काठाने जाणारी वाट सपाट आहे, जाऊन-येऊन चार किमी, मधे बाकं आहेत. माझ्या वडिलांनी पूर्ण केली, मागच्या टोकाला तळ्यात येणारा दुधट प्रवाह बघून पंधरा मिनिटं तिथेच बसले. जॉन्स्टन कॅनियनला खालच्या धबधब्यापर्यंत सव्वा किलोमीटरच्या आत, कड्याला ठोकलेल्या लोखंडी सज्जावरून चालायचं, कठडा आहे. अथाबास्का फॉल्स गाडीपासून पाच मिनिटांवर. पेटो लेकचा सज्जा मात्र चढावर आहे, आणि जूनच्या सुरुवातीला वाटेवर बर्फ असतो. काठ्या न्या, नाहीतर सोडून द्या. लेहसारखा विरळ हवेचा त्रास कुठेच झाला नाही.

योहोतला टकाकॉ धबधबा ३७३ मीटरचा, पण त्याचा घाटरस्ता जूनच्या उत्तरार्धात उघडतो. तुमच्या तारखांत बसणं कठीण. त्याऐवजी एमराल्ड लेक करा.

आइसफील्ड्स पार्कवेवर, म्हणजे लेक लुईझ ते जॅस्पर रस्त्यावर, पेट्रोल मधे एकाच ठिकाणी मिळतं: सस्कॅचेवन रिव्हर क्रॉसिंग. मोबाइलला बहुतेक वाटेत रेंज नाही. नकाशे आधी उतरवून घ्या, टाकी भरून निघा आणि त्या २३२ किलोमीटरना पूर्ण दिवस द्या. आमच्याकडून एक चूक झाली, त्याच दिवशी दुपारी जॅस्परला पुढची सहल ठरवली होती. अथाबास्का हिमनदीसमोर जेमतेम वीस मिनिटं मिळाली. ती गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागे सरली आहे. कुठल्या साली ती कुठवर होती त्याच्या पाट्या वाटेवर उभ्या आहेत. आईला त्या एकेक वाचायच्या होत्या, आणि मी तिला घाई करत होतो. अजून चुटपुट लागते.

सह्यवाट (पुणे):
निवांत, या माहितीचं मोल करता येणार नाही. आइसफील्ड्स पार्कवेला पूर्ण दिवस लिहून टाकला. आता जेवण आणि अस्वलं. आई म्हणते सकाळी फोडणीचे पोहे हवेतच.

अंगतपंगत (बर्नाबी):
पोहे होतील, आईंना सांगा. आम्ही दर उन्हाळ्यात करतो. फक्त कॅम्पमधलं स्वयंपाकघर घरच्यासारखं उघडं टाकता येत नाही.

इथला नियम असा: तुम्ही रांधत किंवा जेवत नसाल तेव्हा कॅम्पसाइटवर खाण्याचं आणि वासाचं काहीही उरता कामा नये. कूलर, डबे, खरकटी भांडी, भांडी धुतलेलं पाणी, तेलाची बाटली, स्टोव्हसुद्धा. सगळं गाडीत बंद किंवा तिथल्या लोखंडी पेटीत. तंबूत तर काहीच नाही. टूथपेस्ट, साबण, डिओडरंट, मुलीच्या खिशातलं चॉकलेट, आजोबांची खोकल्याची गोळी, हे सगळं अस्वलाच्या लेखी अन्नच. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही फिरायला गेलो असताना टेबलावर रिकामी कढई राहिली होती, फक्त तेलकट. परत आलो तर पार्कवाल्यांनी ती उचलून नेली होती आणि चिठ्ठी ठेवली होती. मला राग नाही आला, लाज वाटली. कारण अन्नाला चटावलेलं अस्वल माणसांकडे परत परत येतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. आपल्या कढईपायी कुणाचा जीव जायला नको.

माझी पद्धत सांगते. फोडणी घरूनच करून नेते: तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरची, थंड करून घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत. तिथे पातेल्यात दोन चमचे गरम केली की पोहे पाच मिनिटांत होतात, तेलाचे शिंतोडे उडत नाहीत, वास फार वेळ रेंगाळत नाही. पातेलं आधी कागदाने पुसायचं, कागद कचऱ्यात, मग भांडी धुवायच्या ठरलेल्या जागी धुवायचं. नळाखाली नाही आणि झुडपात पाणी ओतायचं तर नाहीच. कचऱ्याच्या पेट्याही वेगळ्या असतात. मुठीच्या वर लोखंडी टोपण असतं, हात त्याच्या आत घालून कळ दाबायची तेव्हा झाकण उघडतं. अस्वलाचा पंजा आत मावत नाही. मुलींना पहिल्याच दिवशी दाखवा, त्यांना आवडतं.

भाजणी, मेतकूट, पोहे, कोरडी चटणी भारतातून आणता येतात, पण विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहायचंच. ताजी फळं, कढीपत्ता, बिया, रोपं, मांस आणू नका. जूनमध्ये हापूसची पेटी न्यायचा मोह होतो, आवरा. गॅसची नळकांडी विमानात चालत नाहीत, ती कॅलगरीत घ्या. जळणाचं लाकूड तिथलंच घ्यायचं, लांबून आणायचं नाही, लाकडातून किडे पसरतात. आणि वणव्याच्या भीतीने कधीकधी शेकोटीवर बंदी असते, स्टोव्ह हवाच.

चिनूक (कॅलगरी):
अंगतपंगत यांनी जे लिहिलंय ते छापून कॅम्पच्या टेबलावर चिकटवावं असं आहे.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर. अस्वलं आहेत, ग्रिझली आणि काळी दोन्ही, आणि जूनमध्ये दिसण्याची शक्यता जास्त, कारण वर बर्फ असतो आणि रस्त्याकडेला डँडेलियन हे पिवळ्या फुलांचं रोप उगवलेलं असतं, ते खायला ती खाली येतात. घाबरून घरी बसायचं कारण नाही. माणसाची चाहूल लागली की ती बहुतेक वेळा आपणहून बाजूला होतात. अडचण होते ती अचानक समोरासमोर आल्यावर. म्हणून चालताना बोलत राहायचं, वळणावर, ओढ्याच्या आवाजात, झाडीत मोठ्याने हाक घालायची. तुमच्या मुलींना गडावरची 'हर हर महादेव' येत असेल, तीच द्या, उत्तम काम करते. घुंगरू पुरत नाही. चौघे-पाच जण एकत्र राहा, मुलींना पुढे पळू देऊ नका.

बेअर स्प्रे विमानात नेता येत नाही. कॅलगरी किंवा कॅनमोरला घ्या, मोठ्यांपैकी दोघांकडे असू द्या, आणि तो कमरेच्या पट्ट्याला हवा. पाठपिशवीत ठेवलेला स्प्रे कामाचा नाही. दुकानातच सेफ्टीची चाप अंगठ्याने मागे ओढून काढायचा सराव करा, न फवारता. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, पाठ करायची नाही, शांत आवाजात बोलत मागे सरकायचं. चालून आलं तर पाच-सात मीटरवर आल्यावर फवारा. अंतर ठेवायचं ते असं: अस्वल, लांडगा, कोयोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) यांच्यापासून १०० मीटर, एल्क (सांबरासारखं मोठं हरीण), हरीण, मेंढ्या यांच्यापासून ३० मीटर. आणि खरं सांगू, जूनमध्ये मला एल्कच्या माद्यांची जास्त धास्ती असते. त्यांची पिल्लं नुकती जन्मलेली असतात, बॅन्फ गावातल्या हिरवळीवरही असतात, आणि त्या धावून येतात.

गाडीतून अस्वल दिसलं तर उतरायचं नाही. शक्यतो थांबायचंही नाही, वेग कमी करून जायचं. हे का सांगतोय ते लिहितो. योहोत एक पांढरी ग्रिझली होती, लोक तिला नाकोडा म्हणायचे. जून २०२४ मध्ये ट्रान्स-कॅनडा हायवेवर एकाच दिवशी आधी तिची दोन पिल्लं गाडीखाली गेली, मग तिला गाडीची धडक बसली, आणि काही दिवसांत तीही गेली. तिला हायवेच्या कुंपणापलीकडे, जंगलाच्या बाजूला ठेवायला माणसं दोन वर्षं धडपडत होती. तुम्ही एमराल्ड लेकला त्याच रस्त्याने जाल. तिथे ताशी वेगाची मर्यादा पाळा, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

रानजाई (एडमंटन):
नाकोडाच्या बातमीने आमच्या घरी कुणी जेवलं नव्हतं.

सह्यवाट, जॅस्परला जाताना आगीबद्दल थोडं माहीत असू द्या. २०२४ च्या जुलैत आम्ही तिथे तंबूत होतो. २२ तारखेला रात्री दहाच्या सुमारास सगळ्यांच्या फोनवर एकदमच भोंगा वाजला, बाहेर पडा. हवेतून राख पडत होती, चंद्र तांबडा दिसत होता. पूर्वेचा आणि दक्षिणेचा रस्ता बंद, पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियाकडे जायला सांगितलं. हजारो गाड्या एका रांगेत, पावलापावलाने. आमची टाकी पाव भरलेली होती. तंबू, चुली, सगळं तसंच टाकून आलो. व्हेलमाउंटला पोचेपर्यंत उजाडलं, आणि आम्ही दोघंही एक शब्द बोललो नव्हतो. दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि गावातल्या साधारण एक तृतीयांश इमारती गेल्या.

त्या दिवसापासून माझे दोन नियम आहेत. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. आणि पासपोर्ट, औषधं, चष्मे एका पिशवीत, ती रात्री गाडीत पुढच्या सीटवर. जूनच्या सुरुवातीला धूर आणि आगी जुलै-ऑगस्टपेक्षा कमी असतात, तरी रोज सकाळी पार्काच्या सूचना बघाव्यात.

जॅस्परला जायचं मात्र रद्द करू नका. गाव उभं राहतंय, लोकांना पाहुणे हवे आहेत. जळालेल्या काळ्या खोडांमधून चालताना खाली बघा. लॉजपोल पाइनची काही बोंडं राळेने बंद असतात, आगीच्या उष्णतेनेच उघडतात आणि बी सांडतं. गेल्या वर्षी मला बोटाएवढी रोपं दिसली. मॅलाइन लेकच्या होडीची फेरीही तुमच्या तारखांना सुरू झालेली असेल, आई-बाबांना ती नक्की आवडेल. आणि आकाश निरभ्र असेल तर रात्री बाहेर या. जॅस्पर २०११ पासून अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र आहे. जूनमध्ये अंधार व्हायला साडेअकरा वाजतात, मुलींना दुपारी झोपवा.

निवांत (नाशिक):
कागदपत्रांचं पटकन: व्हिसाचा अर्ज सगळ्यात आधी, किती आठवडे लागतील याचा भरवसा नसतो. बायोमेट्रिक एकदा दिलेलं १० वर्षं चालतं. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढा, वर्षभर चालतं. आणि आई-बाबांचा विमा काढताना रक्तदाब, मधुमेह जे असेल ते लिहून द्या, जुने आजार धरणारी पॉलिसी घ्या. तिथल्या दवाखान्याचं बिल पाहुण्याला स्वतः भरावं लागतं.

ड्रोन नेऊ नका, राष्ट्रीय पार्कांत बंदी आहे. दगड, फुलं, शिंगं काहीही उचलायचं नाही. आमच्या धाकट्याने एक गोटा खिशात घातला होता, तो परत नदीत ठेवायला मी त्याला अर्धा किलोमीटर मागे नेलं.

सह्यवाट (पुणे):
जानेवारीत धागा वर काढतोय. दोन्ही पार्कांच्या तारखांना रात्री साडेआठला आम्ही तिघं तीन लॅपटॉप घेऊन बसलो, थोरलीने कागद हातात धरून तारखा वाचल्या. तिचाच क्रमांक आधी लागला. टू जॅक लेकसाइडला ओटेंटिक, ३ ते ५ जून, तीन रात्री मिळाल्या! जॅस्परला साध्या तंबूची जागा चार रात्री, ८ ते ११. मधले दोन दिवस लेक लुईझला काहीच नव्हतं, तिथे आई-बाबांसाठी हॉटेलच बघतो. व्हिसाचे अर्ज भरलेत. शटलचं एप्रिलमध्ये.

आईने काल फोडणीची बरणी करून बघितली. तेल अर्धं ठेवून दुप्पट मोहरी घातली, पंधरा दिवस टिकते का ते बघणार आहे.

रानजाई (एडमंटन):
वा! थोरलीला माझ्याकडून शाबासकी.

ओटेंटिकमध्ये गाद्या असतात, पांघरुणं आणि उशा नसतात. जॅस्परच्या चार रात्रींसाठी तर तंबूही लागेल. पुण्याहून सहा जणांचं ओझं आणू नका.

चिनूक (कॅलगरी):
माझ्याकडे सहा माणसांचा तंबू आणि शून्याखाली चालणाऱ्या चार स्लीपिंग बॅगा आहेत, जूनमध्ये रिकाम्याच असतात. अजून दोन स्लीपिंग बॅगा लागतील, त्या शेजाऱ्याकडून आणून ठेवतो. विमानतळावरून बॅन्फला जाताना माझं घर वाटेतच आहे. कधी उतरताय ते व्यक्तिगत निरोपात कळवा. आणि बाबांसाठी जमिनीपासून उंच अशी घडीची खाट आहे, ती गाडीच्या टपावर बांधावी लागेल, तेव्हा टपावर दांड्या असलेली गाडी भाड्याने घ्या.